विमानतळ ते विमानतळ

मुंबईच्या सहार विमानतळापासून दिल्लीच्या विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे, आणि उलव्याजवळच्या, नवी मुंबईच्या नव्या विमानतळापासून मोजले तरी त्यात जेमतेम दोन-तीन किलोमीटरची भर पडते. नवा विमानतळ सहारच्या दक्षिणेला असल्यामुळे दिल्ली तिथून बरीच लांब पडेल असे वाटते. पण तो दक्षिणेला जितका सरकला आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट पूर्वेला सरकला आहे, आणि दिल्ली आपल्याकडून उत्तरेला, किंचित पूर्वेकडे कललेली असल्यामुळे दक्षिणेकडे जाऊन जे गमावले ते पूर्वेकडे जाऊन बहुतेक सगळे भरून निघते. बंगळूरला जाणाऱ्याचा मात्र निखळ फायदा आहे. सहारहून बंगळूर साधारण ८३० किलोमीटरवर आहे, तर उलव्याहून ते वीसेक किलोमीटर जवळ येते. ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला हे वीस किलोमीटर कापायला दीड मिनिट लागते.

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईहून प्रवासी विमाने उडू लागली. तेव्हापासून आमच्या ठाण्यात, विशेषतः ज्यांची मुले दिल्ली-बंगळूर-हैदराबादला नोकरीला आहेत अशा घरांमध्ये, कुठून जाणे बरे, सहारहून की उलव्याहून, या विषयावर जितके बोलणे होते तितके त्या मुलांच्या लग्नांवरही होत नसेल. माझी मुलगी गुडगावला असते, तेव्हा या चर्चेत मीही भाग घेते. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त अभियंते मला म्हणाले, "वहिनी, दिल्लीचे अंतर दोन्हीकडून सारखेच आहे. म्हणजे वेळही सारखाच, मग स्वस्त तिकीट मिळेल तिथून जा." त्यांचे पहिले वाक्य अगदी बरोबर आहे. दुसरे वाक्य पहिल्यातून निघते असे त्यांना वाटते, आणि तिकिटे विकणारी बहुतेक संकेतस्थळेही तसेच भासवतात, म्हणून हा लेख.

अंतराबद्दल आधी बोलू, कारण ते सोपे आहे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो. तो साधारणपणे धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळ धरतात आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे अशा दोन बिंदूंना जोडणाऱ्या, पृथ्वीच्या पाठीवरून जाणाऱ्या सर्वांत आखूड कंसाची लांबी. त्या बिंदूवर कोणताही प्रवासी कधी उभा राहत नाही, तिथे बहुधा नुसते गवत असते. तरीही आपल्या प्रवासाचे अंतर तिथून सुरू होते आणि तशाच दुसऱ्या गवतावर संपते. ही लांबी काढण्यासाठी पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानून हॅवरसाइन नावाचे सूत्र वापरतात. ज्या (साइन), कोटिज्या (कोसाइन) आणि उत्क्रमज्या (एकातून कोसाइन वजा केल्यावर उरते ती) आपल्याकडच्या ज्योतिषगणितात आर्यभटाच्या काळापासून आहेत, आणि या सूत्रात वापरतात ती उत्क्रमज्येचीच निम्मी. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती ज्याला आठवते त्याला वही-पेन्सिल घेऊन आणि साइन-कोसाइन देणारे गणकयंत्र वापरून ठाणे ते टोकियो अंतर काढता येईल.

पृथ्वी अचूक गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर भरते, ध्रुवांपाशी ६,३५७. त्यामुळे गोल मानून काढलेल्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची तफावत येते आणि ज्यांना ती चालत नाही ते अधिक काटेकोर सूत्र वापरतात. शिवाय विमान जमिनीला चिकटून जात नाही. ते अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, आणि उंचीवरचा कंस खालच्या कंसापेक्षा लांब असतो. दिल्लीच्या प्रवासात ही वाढ साधारण दोन किलोमीटर होते, म्हणजे सहार की उलवे या वादात दिल्लीपुरता जितक्या अंतराचा प्रश्न आहे जवळजवळ तितकीच. वैमानिक हे सगळे सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा, त्यामुळे नकाशावरून अंतर थेट वाचता येते.

कंस म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घरातला जुना पृथ्वीगोल काढून त्यावर एक दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरावा. मी हे मुलीच्या शाळेच्या दिवसांत करून दाखवायचे. भिंतीवरच्या सपाट नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला, थोडे वर दिसते. अरबस्तान आणि सहारा ओलांडून अटलांटिकवरून जावे असे वाटते. गोलावर ताणलेला दोरा मात्र मुंबईतून निघताच वायव्येकडे, बराचसा उत्तरेलाच, चढू लागतो. अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशियातले सेंट पीटर्सबर्ग यांच्या आसपासून तो नॉर्वेवर जातो, आइसलँड ओलांडून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो आणि कॅनडाच्या अंगाने न्यूयॉर्कला पोचतो. मुलीने दोरा सरळ नकाशासारखा धरायचा प्रयत्न केला की तो गोलावर सैल पडून घसरायचा आणि पुन्हा आपला उत्तरेकडे जाऊन बसायचा. दोऱ्याची लांबी साधारण १२,५०० किलोमीटर भरते. होकायंत्राची दिशा न बदलता, नकाशावरच्या सरळ रेषेने गेले तर सुमारे १,७०० किलोमीटर जास्त पडतील.

इथपर्यंत सगळे स्वच्छ आहे. अंतर पृथ्वीने ठरवलेले असते. त्यात कंपनीला, सरकारला, हवामानाला हात घालता येत नाही. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा कराची आणि जुहू यांच्यात जेवढे अंतर होते तेवढेच आजही आहे. वेळेचे मात्र तसे नाही, आणि आपण तिकीट काढताना पाहतो तो वेळच.

मुंबई-दिल्लीचाच हिशेब करून पाहू. आपल्याकडची बहुतेक देशांतर्गत विमाने उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास जातात. १,१४० ला ८३० ने भागले की एक तास बावीस मिनिटे येतात. तिकिटावर मात्र दोन तास दहा मिनिटे, सव्वादोन तास, कधी त्याहूनही जास्त छापलेले असते. म्हणजे पन्नासेक मिनिटे अशी आहेत की ज्यांचा दोन संदर्भबिंदूंमधल्या अंतराशी संबंध नाही. ती जातात कुठे, याचा शोध घेण्याचा मला एके काळी नादच लागला होता.

तिकिटावरचा वेळ हा उडण्याचा वेळ नसतोच, ही त्यातली मुख्य गोष्ट. चाकांपुढचे अडथळे काढून विमान जागेवरून मागे ढकलले जाते त्या क्षणापासून ते पलीकडे जाऊन पुन्हा चाकांपुढे अडथळे लावले जातात त्या क्षणापर्यंतचा हा वेळ असतो. विमान कंपन्यांच्या भाषेत तो ब्लॉक टाइम. त्यात सहारला धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे राहणे आले, आणि दिल्लीसारख्या अफाट पसरलेल्या विमानतळावर उतरल्यानंतर, जमिनीवरूनच, आता गुडगाव येईल की काय असे वाटेपर्यंत चालत राहणेही आले. वर चढायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि उतरायलाही जवळपास तितकीच. त्या काळात विमानाचा वेग ८३० नसतो. आकाशातले मार्गही ताणलेल्या दोऱ्यासारखे नसतात. निघताना आणि पोचताना ठरावीक वळणे घ्यावी लागतात, लष्करी हद्दी टाळाव्या लागतात, धावपट्टीवर वाऱ्याच्या तोंडाने उतरण्यासाठी कधी विमानतळाला वळसा घालून उलट्या बाजूने यावे लागते, आणि हे सगळे मिळून कागदावरच्या अंतरात पन्नास-शंभर किलोमीटर सहज वाढतात.

यातली सर्वांत मजेशीर भर परतीच्या प्रवासात दिसते. सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी मनमोकळेपणे विमाने सोडता येत नाहीत. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक असूनही सहार बहुतेक वेळ एका धावपट्टीवरच चालतो. मुलगी घरी यायला निघाली की आमच्या घरी हे मोबाइलवर तिच्या विमानाचा माग काढत बसतात. नकाशावर ते चिमुकले पिवळे विमान राजस्थान ओलांडते, गुजरात ओलांडते, आणि पालघरच्या वर कुठेतरी आल्यावर एकाएकी वळते. मग त्याच्यामागे उमटणारी रेघ चपट्या लंबवर्तुळासारखी होते. विमान एका बाजूने मिनिटभर जाते, वळते, दुसऱ्या बाजूने मिनिटभर येते, पुन्हा वळते. एका फेरीला साधारण चार मिनिटे. तिसरी फेरी सुरू झाली की हे चहा मागतात. तेवढ्या वेळात मुलगी ठाण्यापासून आकाशमार्गे पाच मिनिटांवर असते आणि तिला खाली यायला परवानगी नसते.

कंपन्यांना हे सगळे ठाऊक आहे, आणि म्हणूनच वेळापत्रकात त्या आधीच मोकळी मिनिटे घालून ठेवतात. छापील वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत विमान पोचले तर ते वेळेवर पोचले असे हिशेबात धरले जाते. तेव्हा उशीर टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे उशीर आधीच छापून टाकणे. माझ्या आठवणीतले मुंबई-दिल्ली विमान दोन तासांच्या आत पोचत असे, आणि त्या वेळची विमाने आजच्यापेक्षा वेगवान नव्हती. आज 'आपण नियोजित वेळेच्या वीस मिनिटे आधी पोचत आहोत' अशी घोषणा झाली की शेजारचा प्रवासी खूश होऊन बॅग काढायला उठतो. मला मात्र ती वीस मिनिटे कुणाच्या खिशातून काढून कुणाला परत दिली, याचाच विचार पडतो. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. पोचण्याच्या वेळेवर पुढची गाडी, पुढचे विमान, गुडगावची मीटिंग अवलंबून असणाऱ्याला फुगवलेला पण खरा ठरणारा आकडा अधिक उपयोगाचा असतो. फक्त तो आकडा अंतरातून आलेला नाही, एवढे लक्षात असावे.

वाऱ्याचा भाग निराळा, आणि तो कुणाच्याच हातातला नाही. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर खूप उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा येतो. दिल्लीचा मार्ग उत्तर-दक्षिण असल्यामुळे त्याचा तिथे फारसा परिणाम जाणवत नाही, पण कोलकात्याच्या मार्गावर तो स्पष्ट दिसतो. कोलकात्याहून परत येण्याचा वेळ वेळापत्रकातच जाण्याच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटांनी जास्त असतो. सोयीसाठी अंतर १,६०० किलोमीटर धरू, विमानाचा हवेतला वेग ८३० आणि वाऱ्याचा १५०. जाताना वारा पाठीशी असल्याने जमिनीच्या हिशेबाने वेग ९८० होतो आणि ९८ मिनिटांत काम भागते. येताना तोच वेग ६८० वर येतो आणि १४१ मिनिटे लागतात. वारा नसता तर दोन्ही वेळा मिळून २३१ मिनिटे लागली असती. वाऱ्यामुळे ती २३९ झाली. जाताना दिले तितकेच येताना काढून घेतले असे होत नाही, थोडे जास्तच काढून घेतले जाते, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ असते. लंडनच्या प्रवासात हाच फरक पाऊण-एक तासापर्यंत जातो, आणि जाणे लांबते ते पश्चिमेकडे तोंड करून जावे लागते म्हणून.

लंडनचे नाव निघालेच आहे तर परदेशी तिकिटांवरच्या वेळांबद्दलही सांगून टाकते, कारण आमच्याच इमारतीत त्यावरून एका आजींची झोप उडाली होती. नातू दुबईला निघाला. तिकिटावर निघण्याची वेळ सकाळी दहा आणि पोचण्याची पावणेबारा, तेव्हा पावणेदोन तासांत दुबई, असा हिशेब करून त्या बारा वाजल्यापासून फोनची वाट पाहत बसल्या. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास, म्हणून सुमारे १,९०० किलोमीटरच्या या प्रवासाला खरे तर सव्वातीन तास लागतात. आजींना हे समजावताना मी म्हटले, "तुमच्या लहानपणी तर मुंबईतच दोन वेळा होत्या." त्यांना ते लगेच पटले. मुंबईची स्वतःची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत टिकून होती; गिरगावातल्या माहेरची घड्याळे आणि रेल्वेचे घड्याळ यांचा मेळ कसा घालायचे, हे त्यांनीच मग मला ऐकवले.

वारा आणि घड्याळ यांच्यापलीकडे माणसांची भांडणेही वेळेत मिसळतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्ली ते युरोप-अमेरिका हे बृहद्वृत्तावरचे, म्हणजे गोलावर ताणलेल्या दोऱ्याचे, अंतर त्या दिवशी एका मीटरनेही बदलले नाही; पण पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्राकडे वळसा घालावा लागू लागला, आणि अमेरिकेला थेट जाणाऱ्या काही विमानांना वाटेत युरोपात इंधनासाठी उतरण्याची पाळी आली. पृथ्वीगोलावरचा दोरा ज्या देशांवरून जातो त्या देशांची परवानगी असेल तरच तो खरा.

आता ठाण्याकडे येते, कारण सोसायटीतल्या चर्चेचा निकाल खरा इथेच लागतो.

ठाणे स्थानकापासून सहार विमानतळ हवाई अंतराने साधारण पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे आणि उलव्याचा विमानतळ चोवीसेक किलोमीटरवर. रस्त्याने सहारला जायचे तर पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळीपर्यंत, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने पवई, आणि मग साकीनाका-मरोळच्या गर्दीतून वाट काढत आत. ही वाट पहाटे चारला चाळीस मिनिटांची असते आणि संध्याकाळी सहाला तिचा अंदाज कुणी शहाणा माणूस सांगत नाही. उलव्याला जायचे तर अंतर तीस किलोमीटरच्या पुढे जाते. माझ्या गेल्या खेपेला टॅक्सीत बसल्याबरोबर चालकाने विचारले, "काकू, कळवा-विटाव्यावरून घेऊ की मुलुंडला जाऊन ऐरोली पूल?" मी म्हटले, "तुम्हाला आत्ता कुठे मोकळे दिसते तिथून घ्या." त्याने मोबाइलकडे पाहिले, आरशातून माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "मोकळे कुठेच नाही, पण कळव्याला निदान गाडी हलते." ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल बंद झाल्यापासून ऐरोलीकडची नाक्यावरची रांग तेवढी गेली आहे. ठाणे-बेलापूर रस्ता एकदा लागला की मग गाडी नीट धावते. तुर्भे, नेरूळ मागे पडते आणि जिथे टेकडी होती, नदी होती, दहा गावे होती तिथे काचेची प्रचंड इमारत समोर येते.

बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तिने ३४ किलोमीटरचे अंतर साधारण तासा-सव्वा तासात कापले होते. त्या दिवशी मला ठाण्याहून उलव्याला पोचायला जवळपास तेवढ्याच अंतरासाठी त्याहून जास्त वेळ लागला, आणि पुढे दिल्लीचे १,१४० किलोमीटर तास-दीड तासाच्या हिशेबात होते. याला प्रगती म्हणावे की नाही या वादात मी शिरत नाही. अभियंत्यांना मात्र मी माझा सगळा हिशेब वहीत लिहून दाखवला: घर ते विमानतळ सव्वा ते दीड तास, देशांतर्गत प्रवासालाही दोन तास आधी या म्हणतात, ते दोन तास, तिकिटावरचे सव्वादोन, सामानाच्या पट्ट्यासमोर अर्धा तास, आणि दिल्ली विमानतळ ते मुलीचे घर पाऊण तास. बेरीज सात तासांच्या आसपास येते. त्यात हॅवरसाइनच्या वाट्याला दीड तासही येत नाही. या सात तासांतला जो भाग आपण मीटरपर्यंत अचूक मोजू शकतो त्याचा निर्णयाशी सर्वांत कमी संबंध, आणि ज्याचा अंदाज लावता येत नाही त्या विटावा-साकीनाक्यावर सगळे अवलंबून. तेव्हा माझा नियम असा: पहाटेचे विमान असेल तर सहार, कारण जोडरस्ता रिकामा असतो, दिवसाढवळ्या निघायचे असेल तर उलवे. स्वस्त तिकिटाचा विचार त्यानंतर. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांचे गणित पुन्हा वेगळे, त्यांना आधी माजिवड्यापर्यंत पोचायचे असते आणि त्यावर मी काही बोलू नये.

याच सुमारास नागपूरच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला मुलाकडे लंडनला जायचे आहे. लंडनचे विमान सहारहून, मध्यरात्रीनंतरचे. नागपूरहून संध्याकाळी एक विमान आहे, दीड तासाचे, आणि तिकिटावर पोचण्याचे ठिकाण 'मुंबई' असेच दिसते म्हणून ती निर्धास्त होती. मी विमानतळाचे संक्षिप्त नाव वाचायला सांगितले. ते बीओएम नव्हते, एनएमआय होते. दोन विमानतळांमधले हवाई अंतर चोवीस किलोमीटर. विमानाला दोन मिनिटांचेही काम नाही, आणि त्या मार्गावर विमान नाही. सामान घेऊन बाहेर यायचे, टॅक्सी करायची, खाडी ओलांडायची, संध्याकाळच्या गर्दीत चेंबूर-कुर्ल्यातून अंधेरी गाठायची, आणि पुन्हा रांगेत उभे राहून सामान द्यायचे. "ताई, मग किती वेळ ठेवू मधे?" तिने विचारले. मी पाच तास म्हटले. तिचा विश्वास बसेना. "नागपूरहून मुंबई दीड तासात आणि मुंबईहून मुंबई पाच तास?"

तिच्या यजमानांनी मग तिसराच प्रस्ताव मांडला. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूरहून थेट ठाणे जिल्ह्यात आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे, ७०१ किलोमीटर. नागपूर ते सहार हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रस्त्याचे आणि आकाशाचे अंतर इतके जवळ आलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. दिल्लीच्या बाबतीत राजधानीचा लोहमार्गसुद्धा १,३८५ किलोमीटरच्या आसपास जातो. गाडीने आठ तास, घराच्या दारापासून दारापर्यंत, सामान उतरवणे-चढवणे नाही. विमानाने जाऊन, दोन्ही विमानतळ गाठून, मधले पाच तास धरले तर नागपूरच्या घरापासून सहारच्या दारापर्यंत साडेनऊ तास होत होते. वहीत दोन्ही बेरजा शेजारी-शेजारी मांडून मी त्यांचा फोटो तिला पाठवला. भाऊजींनी आमणे ते ठाणे हा शेवटचा तुकडा त्यात धरला आहे का, भिवंडी बायपासला ट्रक किती वाजता सोडतात, एवढे दोनच प्रश्न उलट विचारले. धरला नव्हता, तो धरून बेरीज साडेनऊच्या अगदी जवळ गेली. शेवटी असे ठरले, की आदल्या दिवशी गाडीने ठाण्याला यायचे, रात्री आमच्याकडे मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊला, पवईचा रस्ता मोकळा होऊ लागला की, मी तिला सहारला सोडायचे.